आगोट आणि अंधार

श्रोतेहो, बर्फाच्या देशांत हिवाळ्याच्या आधी घराची तयारी करण्याचे एक शास्त्रच आहे. खिडक्यांच्या फटी बुजवावयाच्या, पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून त्यांना वेष्टण घालावयाचे, लाकूडफाटा आणि धान्य भरून ठेवावयाचे, आणि वीज गेली तर काय करावयाचे हे आधी ठरवून ठेवावयाचे. हा विषय कल्याण-ठाण्याकडील श्रोत्यांपुढे मांडावयाचा म्हटले तर कोणीही हसेल. आपल्याकडे थंडी ती केवढी? आमच्या धसईला पौषात पहाटे शेकोटी पेटते, एवढेच. परंतु हिवाळा हा शब्द बाजूला ठेवून प्रश्न असा विचारला, की वर्षातून काही महिने निसर्ग घराच्या दाराशी येऊन बसतो, रस्ते तुटतात, काम बंद पडते आणि दिवा विझतो, अशा काळाची तयारी माणसे कशी करीत आली, तर मुरबाड-शहापूरच्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईजवळ त्याचे उत्तर आहे. त्या उत्तराचे नाव आगोट.

पाऊस तोंडावर आला की जो काळ येतो तो आगोट. आणि त्या काळासाठी जी साठवण करावयाची तीही लोकांच्या बोलण्यात आगोटच. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्यात पाऊस साधारण शंभर इंच पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पूल होण्यापूर्वीच्या दिवसांत ओढ्याला पाणी आले की वाडी गावापासून तुटे आणि गाव तालुक्यापासून. तेव्हा चार महिन्यांचे घर उन्हाळ्यातच उभे करावे लागे.

ही तयारी मे महिन्यात सुरू होते असे शहरातला माणूस समजतो. वास्तविक ती पौषातच सुरू होई. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. तेथील गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि तेथेच घोंगड्याही विकावयास येतात. भर थंडीत घेतलेली घोंगडी शेतकऱ्याच्या मनात थंडीसाठी नसे, ती आषाढातल्या आवणीसाठी असे. पुढे होळीनंतर कारवी तोडून आणावयाची. कारवी हे आमच्या डोंगराचे मोठे देणे. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारे हे झुडूप. त्याच्या सरळ काठ्या उभ्या लावून, आडव्या कामट्यांनी आवळून, वर शेणमातीचा लेप दिला की कुडाची भिंत तयार. पावसाच्या तडाख्याने ती दरवर्षी खालून सडे आणि दरवर्षी दुरुस्त करावी लागे. ज्याच्या घरावर कौले त्याने कौले चाळावयाची, ज्याच्या घरावर गवत त्याने घर शाकारावयाचे. पडवीची उघडी बाजू पेंढ्याने किंवा पानांनी बंद करावयाची, कारण वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस छपराला विचारीत नाही. बांबूच्या कामट्या व पळसाची पाने यांचे इरले विणावयाचे. आणि त्याच दिवसांत शेतात राबही भाजावयाचा असे.

ही झाली पुरुषांच्या तोंडची यादी. बायकांची याहून मोठी आहे, आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी ती फारशी लिहिलेली नाही. भात कांडून कणगीत भरणे, कणगीला बाहेरून शेणाने लिंपणे, नाचणी-वरी वाळवणे, मिरची कुटणे, चिंच फोडून मीठ लावून ठेवणे, कांद्या-लसणाच्या वेण्या करून आढ्याला टांगणे, बोंबील-सुकट-जवळा उन्हात दाखवून घट्ट झाकणे, जाडे मीठ मडक्यात चुलीजवळ ठेवणे, आणि सर्वांत मोठे काम म्हणजे सरपण. चार महिने चूल पेटावयाची तर डोक्यावरून मोळ्या किती आणाव्या लागत याचा हिशेब कोणी कागदावर केला नाही, मानेने केला. शेणी थापून, वाळवून, पावसाचा थेंब लागणार नाही अशा जागी रचावयाच्या. चूल पेटली तर भाकरी, आणि चुलीच्या धुरानेच माळ्यावरचे बी-बियाणे किडीपासून वाचे. अन्न, ऊब, औषधफवारा ही सारी कामे एकच चूल करी.

उजेडाचे काय? रॉकेल येण्यापूर्वी मोहाच्या बियांचे तेल आणि करंजेल यांच्यावर दिवे जळत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेलचे डबे आले. मग चिमणी आली, कंदील आला, आणि पुढे आपल्याच मुलखातला ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर टांगला गेला. मोहाचे तेल घरच्या श्रमाने निघत असे. रॉकेलला रोख पैसा लागे. आगोटीच्या यादीत बाजार शिरला तो या दारातून, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर ऐकून कोणाला वाटेल, की किती सुंदर स्वावलंबी जीवन हे! तशा आशयाचे लेखन पुष्कळ झाले आहे. आम्ही कामगारांच्या संघटनेत तीसहून अधिक वर्षे काढली आहेत, आणि कोणतीही सुंदर व्यवस्था दिसली की तिचा खर्च कोणाच्या नावावर मांडला आहे हे पाहण्याची आम्हांस खोड लागली आहे. ज्याच्या कणगीत भात उरले असेल त्याची आगोट होई. ज्याच्या कणगीत वैशाखातच हात खाली लागे त्याने काय करावे? आवणीच्या दिवसांत अंगमेहनत सर्वांत जास्त आणि घरात दाणा सर्वांत कमी, हे भातशेतीचे जुने दुःख आहे. ते दुःख खावटीने भागवावयाचे. खावटी म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य. पावसाळ्यात मणभर घ्यावयाचे आणि कापणीला दीड मण किंवा त्याहूनही जास्त द्यावयाचे. आदिवासी वाड्यांवर याच व्यवहाराला पालेमोड म्हणत. कर्ज फिटले नाही तर श्रमाने फेडावयाचे. आणि श्रमाचा हिशेब सावकाराच्या वहीत. ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या कर्जाचे व वेठीचे वर्णन सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या १९३९ साली छापलेल्या अहवालात आहे. तो कोणा चळवळ्याने लिहिलेला नाही. पालेमोडीला कायद्याने बंदी झाली ती १९७६ साली. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत सरकारी खावटी कर्ज सुरू झाले, ते पुढे बंद पडले, आणि २०२० साली महामारीच्या काळात एक वर्षासाठी कुटुंबामागे चार हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले, निम्मे रोख व निम्म्याच्या वस्तू. शासन निर्णय निघाला तो सप्टेंबरात. आवणी संपून भात पोटरीला आले होते! सावकार वाईट खरा, पण तो निदान ज्येष्ठात दार उघडीत असे, हे त्याच्या यशाचे गमक सरकारने कधी ओळखले नाही.

हे वर्म ज्याने ओळखले असा एक माणूस आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात होऊन गेला. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल. १९१२ साली माथेरानला नाभिक कुटुंबात जन्म, शिक्षणाने वकील. शेतकऱ्याला खावटीसाठी सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्याच्या पेढ्या काढल्या. सुगीला प्रत्येकाने भात ठेवावयाचे आणि पावसाळ्यात गरजेपुरते घ्यावयाचे. आगोट ही प्रत्येक घराने एकट्याने करावयाची गोष्ट नसून साऱ्या गावाने मिळून करावयाची गोष्ट आहे, हा विचार आमच्या भागात त्यांनी कृतीने मांडला. आम्हांस तो युनियनच्या विचाराचा सख्खा भाऊ वाटतो.

आता विजेकडे वळू, आणि वळताना भाई कोतवालांचा हात सोडावयाचे कारण नाही. सह्याद्रीवर पडणारा हाच पाऊस घाटमाथ्यावर अडवून, नळांतून खाली सोडून वीज करावयाची ही कल्पना टाटांनी प्रत्यक्षात आणली. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले, १९२२ साली भिवपुरीचे, १९२७ साली भिऱ्याचे. भिऱ्यासाठी मुळशीचे खोरे बुडाले आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. या विजेच्या तारा मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेल्या. ज्यांच्या शेतांवरून त्या गेल्या त्यांच्या घरांत चिमण्याच जळत राहिल्या. आवणी करणाऱ्या माणसाने मान वर केली तर डोक्यावर मुंबईचा उजेड वाहत असे.

१९४२ च्या आंदोलनात भाई कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने हे मनोरे पाडण्यास प्रारंभ केला. गिरण्या आणि रेल्वे यांचा प्रवाह तोडून युद्धाच्या यंत्राला खीळ घालावी हा हेतू. मुंबईला अंधार पाठविता येतो, हे खेड्यातल्या माणसांना त्या वर्षी प्रथम कळले. दस्त्याने मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानाचा आश्रय घेतला होता. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी तेथे छापा घातला आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हे दोघे गोळीबारात मारले गेले. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडला माणसे जमतात. धान्याची पेढी काढणारा आणि विजेचा मनोरा पाडणारा माणूस एकच होता, हे मात्र भाषणांतून क्वचितच ऐकू येते.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, २० जून १९६० रोजी, वीज मंडळ स्थापन झाले आणि खेड्यांत खांब उभे राहू लागले. मंडळाच्या माणसांनी डोंगरदऱ्यांतून जे काम केले ते खरोखर मोठे आहे. परंतु ‘गावाला वीज आली’ या वाक्याचा अर्थ काय, हे तपासले पाहिजे. १९९७ पर्यंत देशातला नियम असा होता, की गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकरण झालेले. एका शेतावर एक पंप चालला, की कागदावर गाव उजळले! पुढे वस्तीत वीज हवी अशी दुरुस्ती झाली. आणि २००४ साली निदान दहा टक्के घरांत वीज हवी असे ठरले. म्हणजे शंभरांतली नव्वद घरे अंधारात असली तरी गाव उजेडात. त्या नव्वदांत कातकरी वाडी आणि ठाकूरवाडी बसली. घर हे मोजमाप धरून काम झाले ते २००५ ची राजीव गांधी योजना आणि २०१७ ची सौभाग्य योजना यांत.

घरात दिवा आला की आगोट बदलू लागली. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. भात कांडण्याची गिरणी आली, उखळ-मुसळ लग्नाच्या हळदीपुरते उरले. नळाला पंप आला, विहिरीचा रहाट मोडला. यातल्या एकाही गोष्टीबद्दल आम्ही हळहळणार नाही. जात्याच्या ओव्यांचे कौतुक करणाऱ्याने पहाटे तीनला उठून पायलीभर दळून पाहावे. परंतु घराच्या तयारीचा एकेक भाग तारेच्या हवाली झाला एवढे लक्षात ठेवावयाचे. पूर्वी दिवा गेला तर दिवाच जाई. आता दिवा गेला की पीठ जाते, पाणी जाते.

आणि तार भरवशाची आहे काय, हा प्रश्न २००५ साली साऱ्या महाराष्ट्राला पडला. विजेची मागणी वाढली होती, नवी वीजघरे झाली नव्हती, दाभोळचा गाजलेला प्रकल्प २००१ पासून बंद होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत तूट चार हजार मेगावॉटच्या वर गेली. त्याच वर्षी ६ जूनला मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या, आणि २६ जुलैच्या प्रलयाने कल्याण-बदलापूरपासून मुंबईपर्यंत घरे बुडविली. मग सुरू झाले भारनियमन. मुंबई शहर त्यातून वगळले होते. पुण्याने २००६ पासून जादा पैसे मोजून स्वतःला सोडवून घेतले. खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. पुढे वाहिन्यांची प्रतवारी ठरली. ज्या वाहिनीवर गळती आणि थकबाकी कमी ती वरच्या गटात, जिच्यावर जास्त ती खालच्या गटात. आणि जितका गट खाली तितका अंधार जास्त.

श्रोतेहो, वरून पाहता हा न्याय दिसतो. जो बिल भरील त्याला वीज. पण नीट पाहा. शिक्षा माणसाला नव्हती, तारेला होती. वाडीवरची एखादी विधवा महिन्याच्या महिन्याला बिल भरीत असेल, आणि त्याच तारेवर दुसरा कोणी आकडा टाकून पंप चालवीत असेल, तर दोघांनाही सारखाच अंधार. शिवाय लांबच लांब जुनी तार असली की काही वीज वाटेतच जिरते. तिचा दोषही गिऱ्हाइकाच्याच माथी. कारखान्यात एका मागावर माल बिघडला म्हणून साऱ्या खात्याची मजुरी कापली, तर आम्ही त्याला दंड म्हणत नाही, अन्याय म्हणतो आणि दारावर सभा घेतो. येथे मात्र राज्यभर हाच हिशेब वर्षानुवर्षे चालला, आणि त्याला शिस्त म्हटले गेले.

पुढे तूट भरून निघाली. डिसेंबर २०१२ मध्ये बहुसंख्य वाहिन्यांचे भारनियमन उठले. चार वर्षांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, आमच्या धसईचे नाव देशभर झाले. नोटाबंदीनंतर धसई हे राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली. वडापाव, भाजी, तांदूळ कार्डावर मिळू लागले. समारंभाचा अभिमान आम्हांसही वाटला. परंतु त्या यंत्राला घटाघटाला विजेची भूक, आणि त्याहून अधिक फोनच्या जाळ्याची. मे महिन्याच्या अखेरीस आगोटीचे सामान भरावयाचे असते आणि नेमके तेव्हाच वळवाने खांब पडतात. ट्रंकेच्या तळाशी चार नोटा ठेवणे हा पावसाळी तयारीचा भाग आहे, आणि तो धसईच्या बायकांनी समारंभाच्या दुसऱ्या दिवशीही सोडला नाही.

हे खेड्याचे दुखणे आहे असे शहरांनी मानले होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम थांबली. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, इस्पितळांत जनित्रे सुरू करावी लागली. बिघाडाच्या साखळीत कळवा-पडघा वाहिनीचे नाव होते. पडघा म्हणजे आपला शहापूरच्या वाटेवरचा. गिरण्यांना वीज नेणारे मनोरे आणि आजच्या महानगराच्या तारा, दोन्ही याच भाताच्या खाचरांवरून जातात. शहराची आगोट कोठे आहे, हे त्या दिवशी पुष्कळांना नकाशात शोधावे लागले.

श्रीमंत देशांतही निराळे घडत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडली, वायूचे नळ व वीजघरांची यंत्रे गोठली, आणि ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली. तेथील आरोग्य खात्याने २४६ मृत्यू मोजले. घरांत गारठून काही गेले, तर ऊब मिळावी म्हणून बंद जागेत मोटार किंवा शेगडी पेटविल्यामुळे विषारी वायूने काही गेले. अशीच थंडी तेथे २०११ सालीही पडली होती, आणि यंत्रे थंडीसाठी सज्ज करा असे चौकशीत सांगितले होते. ते सक्तीचे केले नाही. कंपन्यांच्या मर्जीवर सोडले. घरमालकाने नळ गुंडाळले की नाही हे विचारणारे पुष्कळ निघाले.

आमच्याकडे तारेची आगोट कोण करतो? वायरमन करतो. मे महिन्यात फांद्या तोडणे, सैल तारा ओढणे, डीपीची पेटी साफ करणे, हे त्याचे शाकारणे. पहिल्या पावसाला वीज हमखास का जाते, याचे एक कारण आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. खांबावरचा चिनी मातीचा चिमणीएवढा तुकडा, ज्याला इन्सुलेटर म्हणतात, तो उन्हाने दिवसभर तापतो. त्यावर गार थेंब पडले की त्याला बारीक चीर जाते, चिरेत पाणी शिरते आणि प्रवाह खांबात उतरून वाहिनी बंद पडते. आता मैलोगणती तारेवर तो एकच तडकलेला तुकडा रात्री, पावसात, चिखलातून चालत, विजेरीच्या उजेडात शोधावयाचा. हे काम करणाऱ्यांत आज कंत्राटी कामगार पुष्कळ आहेत. खांबावर चढण्याचा धोका कायम कामगाराएवढाच, पगार मात्र तेवढा नाही. आम्ही एका कंत्राटदाराकडे रबरी हातमोज्यांची मागणी घेऊन गेलो होतो, तेव्हा त्याने आम्हांस सांगितले, की मोजे दिले की हरवतात. हात हरवण्याबद्दल तो काही बोलला नाही.

४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कामगारांच्या तीसहून अधिक संघटना एकत्र येऊन संपावर गेल्या. भांडूप-ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात समांतर वीजवितरणाचा परवाना एका खासगी कंपनीने मागितला होता, त्याला विरोध म्हणून. सरकारशी बोलणी होऊन संप त्याच दिवशी मागे घेण्यात आला. वर्तमानपत्रांत बातमी आली ती बहुतेक गैरसोयीची. संपकऱ्यांचे म्हणणे साधे होते. जेथे दाट वस्ती, चांगली वसुली आणि छोटी तार, तेथला नफा कोणी घेऊन गेले, तर धसईच्या पुढे डोंगरात गेलेल्या तारेवरचा खर्च कोणाच्या बिलात मांडणार? हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो कामगारांचा नाही इतका आपणां सर्वांचा आहे.

तोवर धसईकडच्या घरांत तयारी दोन्ही परींची चालते. स्लॅबच्या घरातही जिन्याखाली सरपण रचलेले असते. फोन आणि विजेरी आभाळ भरून आले की भरून घेतात. कोणाकडे सौरदिवा असतो, तो दिवसा पत्र्यावर आणि रात्री चुलीपाशी. शिधापत्रिकेवरचे रॉकेल सरले, तेव्हा कंदील माळ्यावर गेले. पण काच पेंढ्यात गुंडाळून ठेवलेली आहे. आणि पहिल्या पावसात वीज गेली, की वाडीतले कोणी तरी अंगणात येऊन आधी दुसऱ्या वाडीकडे पाहते. तिकडेही अंधार असला तर बिघाड वाहिनीवर आहे, म्हणजे सकाळपर्यंत वाट पाहावयाची. तिकडे दिवे असले तर डीपीवरचा फ्यूज गेला आहे, आणि मग वायरमनला फोन लावला जातो. तो बहुधा आधीच वाटेत असतो.